तळातला मासा तुमचा नोकर नाही

‘खाली दोन सकर टाका, टाकी साफ करायची कटकटच नाही.’ धायरी फाट्यापासून खडकवासल्यापर्यंतच्या पट्ट्यात ज्याने कधी माशांची टाकी घेतली, त्याने पैसे मोजताना हे वाक्य ऐकलेलं असतंच. सकर नको असेल तर चार कोरी घ्या, तेही नको तर मूठभर श्रिम्प. वरचे मासे खातील, खाली सांडलेलं हे उचलतील, काचेवरचं शेवाळ चाटून काढतील आणि मालकाने सोफ्यावर बसून नुसतं बघायचं. या वाक्याची पिल्लावळही ठरलेली आहे. यांना वेगळं खाणं लागत नाही. हे कसल्याही पाण्यात जगतात. स्वभावाने गरीब, त्यामुळे कुणाबरोबरही राहतात. आणि इतकं होऊन मेलेच, तर घरावरचं संकट अंगावर घेऊन गेले.

मला यातल्या प्रत्येक विधानाशी भांडायचं आहे. शेवटच्याशी जरा जास्तच.

आधी समोरच्या पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करून टाकू. तळाशी राहणारे मासे तळाशी पडलेलं खातात, हे खरं. श्रिम्प दिवसभर पानं, लाकूड, काच खरवडत असतात आणि त्यांच्यामुळे शेवाळ कमी दिसतं, हेही खरं. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकाराने पाणवनस्पतींच्या टाक्या सजवण्याची कला जगभर नेली. शेवाळ आटोक्यात ठेवायला त्याने कोळंबीची एक जात भरपूर वापरली. आज ती ‘अमानो श्रिम्प’ म्हणूनच विकली जाते. तेव्हा ‘जाणकारसुद्धा सफाईला श्रिम्प ठेवतात’ हा दाखला दुकानदार देतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो फक्त अर्धं सांगतो. अमानोच्या पद्धतीत दर आठवड्याला टाकीतलं बरंचसं पाणी माणूस बदलायचा, झाडं छाटायचा, फिल्टर धुवायचा. श्रिम्प उरलेलं किरकोळ काम करत.

आता घाणीचा हिशोब. वरून टाकलेला दाणा गपकन वरच्या माशाने खाल्ला काय किंवा तळातल्या कोरीने शोधून खाल्ला काय, तो टाकीतच राहतो. त्याचा काही भाग विष्ठा होतो. प्रथिनांतला नायट्रोजन अमोनिया होऊन मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात उतरतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि तिथे थांबतात. नायट्रेट थोडंफार झाडं घेतात, बाकीचं पाणी बदलल्याशिवाय जात नाही. दाण्याची घाण दिसते आणि अमोनियाची दिसत नाही, एवढाच सफाईचा चमत्कार. टाकीतली घाण टाकीबाहेर नेणारा एकच प्राणी आहे आणि तो काचेच्या अलीकडे, बादली घेऊन उभा असतो. निदान उभा असायला हवा.

त्यातही आपल्याकडे टाकी, खडी, मासे आणि ‘सफाईवाला’ एकाच रविवारी घरी येतात. स्पंजवर ते जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात अमोनिया खाणारं कुणी नसतं, आणि तळातले मासे पहिल्याच आठवड्यात हबकतात. मग दुकानदाराकडे तक्रार. तो म्हणतो, ‘मासा नाजूक होता.’ मासा नाजूक नव्हता हो, टाकी कच्ची होती.

सकरबद्दल तर बोलावं तितकं थोडं. दोन इंची, ठिपक्याठिपक्यांचा, काचेला तोंड लावून चिकटलेला तो प्राणी गोंडस दिसतो यात शंका नाही. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला हा चिलखती मासा नीट वाढला तर फूट-दीड फुटाचा होतो. आपल्या दिवाणखान्यातली टाकी बहुतेक वेळा दोन फुटी: ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच, म्हणजे काठोकाठ भरली तरी ५४ लिटर. या टाकीत दीड फुटाचा मासा वळणार कुठे? आणि सफाईचं म्हणाल तर, वाढू लागलेला सकर शेवाळाच्या मागे फारसा राहत नाही. गोळ्या मिळाल्या तर गोळ्याच खातो. रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटतो, आणि सकाळी गोल्डफिशच्या कुशीवर लाल चट्टे दिसतात. शिवाय दिवसभर त्याच्या मागे विष्ठेची दोरी लोंबत असते ती वेगळीच. टाकीत सर्वांत जास्त घाण करणारा प्राणी सफाईच्या नावाखाली विकणं याला व्यापारी कौशल्य म्हणायला माझी हरकत नाही.

कोरी हा निराळा जीव आहे. कोरीडोरास असं त्याचं पूर्ण नाव, पण ते कुणी म्हणत नाही. तोही दक्षिण अमेरिकेतला, पण दोन-अडीच इंचांवर थांबतो, कुणाला त्रास देत नाही आणि दोन फुटी टाकीत सुखाने राहू शकतो. त्याची एक जात डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केली होती. १८४२ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. आज जगभर, आपल्याकडेही, कोरी टाक्यांत पैदास केलेले मिळतात. म्हणजे पाळण्याजोगा मासा. पण तो काय करतो हे एकदा नीट बघावं. मऊ वाळू असेल तर कोरी तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो. वाळूचा घास आत जातो, मिशा खाली चाचपत राहतात, आणि दुसऱ्या क्षणी कल्ल्यांच्या फटींतून वाळूच्या दोन बारीक धारा बाहेर पडतात. खाण्याजोगं तेवढं आत राहतं. हे तो तासन् तास करतो. मधूनच एखादा कोरी बाणासारखा वर जातो, पृष्ठभागावरची हवा गिळतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. त्याच्या आतड्याचा मागचा भाग हवेतला प्राणवायू शोषू शकतो, म्हणून ही धाव. नवीन मालक घाबरतो, त्याला वाटतं मासा तडफडतोय. अधूनमधून वर जाणं ठीक. सारखीच ये-जा चालली असेल तर मात्र पाण्यातला प्राणवायू कमी पडतोय.

या माशाला आपण काय देतो? निळी-गुलाबी टोकदार खडी. तिच्यात तोंड खुपसता येत नाही, मिशा घासतात, खडीच्या फटींत कुजलेलं खाणं साठतं आणि तिथल्या जिवाणूंमुळे घासलेल्या मिशा झडत जातात. मिशा नसलेला कोरी म्हणजे चाचपायला हात नसलेला माणूस. धायरीत या खडीला आणखी एक पर्याय सुचवला जातो, कारण चहूकडे बांधकामं चाललेली आहेत: ‘साइटवरून क्रश सँड आणा, फुकट.’ तेवढं करू नका. क्रश सँड म्हणजे खडी क्रशरवर फोडलेला काळा पाषाण, प्रत्येक कणाला धार असते. गिलाव्याला ती चालते, कल्ल्यांतून गाळून काढायला नाही. गोलसर कणांची, बारीक चाळलेली वाळू हवी. ती दुकानात मिळते. पाणी नितळ होईपर्यंत धुवायची आणि दीड-दोन इंचांचा थर द्यायचा. दोन फुटी टाकीला लागते किती अशी?

‘वेगळं खाणं लागत नाही’ या विधानाने कोरी जितके मेले असतील तितके कदाचित आजारानेही मेले नसतील. कोरी शेवाळ खात नाहीत. नदीत ते किड्यांच्या अळ्या, बारीक कृमी, चिमुकले कवचधारी जीव वेचून खातात. वरच्या माशांनी हादडून उरलेल्या चार तुकड्यांवर ते दोन-तीन महिने काढतात, पोट आत जातं, आणि एक दिवस कोपऱ्यात पडून असतात. तळाला बुडणाऱ्या गोळ्या त्यांच्यासाठी म्हणून, दिवा मालवल्यावर टाकाव्या लागतात, कारण उजेडात त्या वरचेच पळवतात. श्रिम्पनाही आठवड्यातून एकदा-दोनदा उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती किंवा पालकाचं पान द्यावं, नीट धुऊन. भाजीवरच्या औषधाचा अंशही त्यांना पुरतो. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. तरी ते करायचं नाही असं आपण ठरवतो, त्यामागे एक सवय आहे आणि ती मत्स्यशास्त्रातून आलेली नाही. खाली राहणाऱ्याने वरच्यांचं उष्टं खावं, वर त्यांची घाणही काढावी, ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की काचेच्या पेटीतही ती आपण न विचारता मांडून ठेवतो.

‘शांत मासे कुणाबरोबरही राहतात’ हे पटकन निकालात काढू. शांत मासा कुणाला छळत नाही, याचा अर्थ त्याला कुणी छळणार नाही असा होत नाही. फ्लॉवरहॉर्नच्या टाकीत कोरी म्हणजे घास. आणि कोरीच्या कल्ल्यामागचे काटे ताठ होऊन त्या मोठ्या माशाच्या घशात अडकतात, मग दोघेही जातात. श्रिम्पची पिल्लं तर गप्पीसुद्धा टिपतो. आणि शांत स्वभावाच्या माशाला सोबत लागते. कोरी घोळक्याने राहणारा मासा, किमान सहा तरी हवेत. ‘तळाला एक पुरे’ म्हणून ठेवलेला एकटा कोरी फिल्टरच्या मागे दडून दिवस काढतो, आणि आपण म्हणतो, लाजाळू आहे.

आता पाणी. इथे मला धायरीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ‘हे कसल्याही पाण्यात जगतात’ असं म्हणणाऱ्याने धायरीतलं पाणी पाहिलेलं नसावं. धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये, त्या वेळी समाविष्ट झालेल्या अकरा गावांपैकी एक म्हणून पुणे महापालिकेत आला. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर, आणि तरी कितीतरी सोसायट्यांची भिस्त टँकरवर आणि बोअरवर. धरणाचं पाणी घाटातल्या पावसाचं, मऊ. बोअरचं पाणी बेसॉल्टच्या भेगांतून झिरपलेलं, चुना-मॅग्नेशियम घेऊन येणारं, जड. एकाच सोसायटीच्या एकाच टाकीत सोमवारी नळाचं, बुधवारी बोअरचं, शनिवारी कुठल्या विहिरीचं ते देव जाणे, अशी तीन पाण्यं पडतात. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरचा आकडा त्याप्रमाणे शंभराच्या आसपास दिसतो नाहीतर पाचशेच्या पार जातो. आपल्याला फरक कळतो तो बादलीवरच्या पांढऱ्या डागांतून. श्रिम्पला तो अख्ख्या अंगाने कळतो.

जड पाणी वाईट असं मी म्हणत नाही. चेरी श्रिम्पना थोडं जड पाणी मानवतं, कवचाला चुना लागतो. बरेच कोरीही पैदाशीच्या पिढ्यांमुळे मध्यम जड पाण्याला सरावलेले असतात. त्यांना मारतो तो चढउतार. शिवाय जड पाण्याचा सामू बहुधा चढा असतो, आणि अमोनियाचं विष सामूवर अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो. जवळजवळ दहापट. म्हणजे धरणाच्या मऊ पाण्यावरची कोथरूडच्या मेहुण्याची टाकी ज्या निष्काळजीपणावर तगते, त्याच निष्काळजीपणाने धायरीतली टाकी बसते. ‘त्याच्याकडे जगतात, तुमच्याकडेच कसे मरतात?’ या प्रश्नाला हे उत्तर आहे.

आणि क्लोरीन. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशयाची सुई पाण्याकडे वळली. महापालिकेने पाण्यात क्लोरीन पुरेसं पडतंय की नाही यावर भर दिला, खासगी आरओ प्रकल्पांना टाळं ठोकलं. ते योग्यच होतं. माणसाच्या जिवापुढे माशाचं काय घेऊन बसलात. पण तेच पाणी नळातून थेट टाकीत ओतलं तर क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतं. दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन, म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, त्याचे थेंब मापाने टाकावेत, किंवा बादली उघडी ठेवून आत हवेचा पंप चोवीस तास चालवावा. मग ते पाणी टाकीत.

या सगळ्याला कंटाळून काहीजण थेट स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी भरतात. ‘आम्ही पितो तेच पाजतो’ असं वर अभिमानाने सांगतात. आरओच्या पाण्यात खनिजं जवळपास उरलेलीच नसतात. अशा पाण्याचा सामू एका धक्क्याने कोसळू शकतो आणि श्रिम्पला नवं कवच बांधायला चुना मिळत नाही. बोअरचं आणि आरओचं पाणी मिसळून आकडा दोनशेच्या आसपास आणायचा आणि दर वेळी तोच ठेवायचा, हा धायरीपुरता उपाय आहे. टीडीएस मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं. त्या रंगीत खडीपेक्षा नक्कीच उपयोगाचं.

श्रिम्प ‘उगाचच मरतात’ असं म्हणतात त्याचं कारण बहुतेक वेळा कात टाकण्यात सापडतं. श्रिम्पचं कवच वाढत नाही, म्हणून तो ते दर काही आठवड्यांनी उतरवतो. मान आणि पाठ जिथे जुळतात तिथे कवच फाटतं, आतला मऊ जीव झटका देऊन मागे सरकतो आणि पोकळ कवच पाय-मिशांसकट तळाला पडून राहतं. ते हुबेहूब मेलेल्या श्रिम्पसारखं दिसतं. लोक ते उचलून फेकतात. फेकू नका, श्रिम्प ते कुरतडून त्यातला चुना परत घेतात. पाणी अचानक बदललं, म्हणजे महिनाभर काही न करता एके दिवशी निम्मी टाकी टँकरच्या ताज्या पाण्याने भरली, की कात अवेळी सुटते, अर्धवट अडकते, आणि मानेजवळ पांढरी रेघ दिसलेला श्रिम्प दुसऱ्या दिवशी मेलेला असतो. थोडं थोडं, दर आठवड्याला, पाचवा हिस्सा पाणी बदललं तर हा प्रसंग येत नाही. तांब्याचंही तेच: माशांच्या रोगांवरच्या काही औषधांत तांबं असतं, माशाला वाचवणारा तो डोस श्रिम्पला संपवतो. बाटलीवरचं वाचा.

मग आमच्या भागातला तो धूर. पावसाळा आला की डासांसाठी फवारणीची गाडी गल्लीतून जाते, सोसायटीवालेही आपलं यंत्र फिरवतात. या धुरात आणि घरातल्या झुरळांच्या स्प्रेमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. ती माशांना घातक आणि श्रिम्पना तर अत्यंत घातक. हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो हे लक्षात ठेवून, धूर येताच खिडक्या लावा, टाकीवर ओलं कापड टाका आणि धूर ओसरेपर्यंत पंप बंद ठेवा. गुरुवारची गोष्ट याच्या उलट. पुण्यात वीज आणि पाणी बंद ठेवून दुरुस्त्या करण्याचा तो जुना वार. चार-पाच तास वीज गेली तर फिल्टर थांबतो, उन्हाळ्यात गरम पाण्यात आधीच प्राणवायू कमी. कोरी वर येऊन हवा गिळून निभावतात, श्रिम्पला ती सोय नाही. बॅटरीवरचा छोटा पंप घरात असावा. नसेल तर मगने पाणी उंचावरून परत टाकीत ओतत राहावं.

इथपर्यंत मी दुकानदाराशी भांडलो. आता घरातल्यांशी. मासा मेला की ‘घरावरचं संकट त्याने घेतलं’ हे वाक्य ठरलेलं. वास्तूच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायचा, काळा मेला तर उत्तमच, नवा आणायचा. श्रद्धेवर वाद घालायची माझी इच्छा नाही. पण या श्रद्धेचा परिणाम बघा. ज्या मृत्यूचं कारण नळातल्या क्लोरीनमध्ये, न धुतलेल्या फिल्टरमध्ये किंवा उपासमारीत होतं, तो मृत्यू एका फटक्यात पुण्याच्या खात्यात जमा होतो. चौकशी होत नाही. तिसरा, चौथा, सातवा मासा त्याच कारणाने मरतो आणि दर वेळी आपण सुटल्याचा निःश्वास टाकतो. संकट माशाने घेतलं, यात तथ्य एवढंच की ते संकट आपणच बादलीतून ओतलेलं होतं.

दुसरं भांडण जरा सुशिक्षित मंडळींशी. ते म्हणतात, ‘परदेशी मासे कशाला? आपले देशी ठेवा ना.’ ऐकायला छान आहे. तळाला राहणारे देशी मासे आपल्याकडे आहेतच, आणि त्यांची ओळख जुनी आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन केलं, तेव्हा इथल्या भोई-कोळ्यांची नावंच त्याने शास्त्रीय नावांत बसवली: खुद्री, मुसुल्ला, सींगटी. वाळूत घुसणाऱ्या मुरीला त्याने ‘मूरेह’ केलं. १९३८ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी दगडांना चिकटून राहणाऱ्या एका माशाला पुण्याचंच नाव दिलं, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. यातले बरेच मासे वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातले. दिवाणखान्यातल्या साचलेल्या पाण्यात ते तगत नाहीत. आणि जो देशी मासा दुकानात सर्रास दिसतो, तो पट्टेरी झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रिएटा, पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेही नाही. जागतिक लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. २०१३ साली छापलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात असलेल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या निदान ३० जाती, मिळून १५ लाखांहून जास्त मासे, शौकिनांसाठी परदेशी गेले. बोटिया स्ट्रिएटा त्यांत आघाडीवर होता. यातले बहुतेक नदीतून पकडलेले. तेव्हा टाकीत पैदास झालेला परका कोरी घेणारा माणूस सह्याद्रीचं जितकं नुकसान करतो, त्याहून नदीतून उचललेला देशी लोच घेणारा जास्त करतो. स्वदेशीचा आग्रह धरायचा तर तो मुठेच्या पाण्यासाठी धरा.

‘मग पाळूच नका, सगळे नदीत सोडून द्या’ असं म्हणणारे उरले. पाळूच नका, हे मत मी समजू शकतो. ज्याला आठवड्यातून अर्धा तास देता येत नाही त्याने खरंच पाळू नये. पण दोन फुटी टाकी, बारीक वाळू, एक स्पंज फिल्टर, जावा मॉसचा गुच्छ, जंगली बदामाची दोन-चार वाळकी पानं उकळून टाकलेली, सहा-सात कोरी आणि थोडे चेरी श्रिम्प, एवढ्यात कुणाचे हाल होत नाहीत. पोटाखाली अंडी घेऊन ती पायांनी हलवत बसलेली श्रिम्पची मादी तीन-चार आठवड्यांनी मुंगीएवढी पिल्लं सोडते. जिथे हाल असतात तिथे हे घडत नाही.

नदीत सोडणं मात्र गुन्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे. कंटाळा आलेले, टाकीत न मावणारे सकर कालव्यात किंवा मुठेत सोडणारे लोक आपल्याला पुण्य लागलं असं समजतात. खडकवासल्याचा उजवा कालवा आपल्या अंगावरून जातो, मुठा पुढे मुळेला, भीमेला आणि उजनीला मिळते. उजनीत काय झालं ते मच्छीमारांना विचारा: १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे चिलापी, तिथे आज जाळ्यात भरभरून येतो आणि नदीचे मूळ मासे शोधावे लागतात. सकरची हकीकत त्याच वाटेने चालली आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत आणि आंध्रात कृष्णेच्या पट्ट्यात तो पसरलाय. काठ पोखरून बिळं करतो, काटेरी अंगाने जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.

ज्यांच्या टाकीत आत्ताच फूटभर सकर आहे, त्यांनी तो मोठी टाकी असलेल्या शौकिनाला द्यावा किंवा विकत घेतला त्या दुकानात परत न्यावा. आणि ज्यांनी अजून घेतलेला नाही, त्यांनी पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारावं: हा फूटभर झाला की परत घ्याल का? तो हसला, किंवा ‘एवढा कुठे होतोय’ म्हणाला, तर पिशवी तिथेच ठेवून या.